गुलाबच्या दाखल्यावरचा शेरा

जुबेदा,

तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. आमच्यात बारावा-तेरावा असतो, तुमच्यात चाळिसावा. मधल्या दिवसांचं माणसानं करायचं काय, हे कुणीच नीट सांगून ठेवलेलं दिसत नाही. मी आपली घरात येरझाऱ्या घालते. गॅसवर चहा ठेवते, विसरते, आटला की पुन्हा पाणी ओतते. सकाळी लेक म्हणाली, "आई, एका जागी बस ना गं, तुझ्याकडे बघून टेन्शन येतं." टेन्शन! तो शब्द ऐकला आणि मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी डबा न घेताच कॉलेजला गेली. त्या शब्दाचं आणि माझं काय आहे ते तुला ठाऊक, तिला कुठून असणार.

म्हणून लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "झाला, डॉक्टरीनबायनं कागद काढला. आता कोनाचा नंबर?" डॉक्टर नाही गं मी, मानसशास्त्राची एम.ए. आहे, मुलांच्या चाचण्या घेते, हे तुला नऊ वर्षं सांगून माझी जीभ झिजली. नऊ वर्षं तू मला डॉक्टरीणच म्हणालीस. रागात असलीस की त्यात 'मोठी' हा शब्द लागायचा. मोठी डॉक्टरीन आली!

आपलं भांडण अर्धवट ठेवून गेलीस हे काही बरं केलं नाहीस. मला ते पुरं करायचंय, तेव्हा आता मध्ये बोलू नकोस. तसंही आयुष्यात पहिल्यांदाच तू माझं ऐकून घेणार आहेस.

बेलापूरची ती नवी शाळा आठव. भिंतींना अजून चुन्याचा वास, पटांगणात खडी. एका बाकावर दोन तऱ्हेची मुलं. दादर-गिरगावातून फ्लॅट घेऊन आलेल्यांची, आणि ज्यांच्या शेतांवर ते फ्लॅट उभे राहिले त्यांची. तू पाचवीची वर्गशिक्षिका. रोज खाडीपलीकडून होडीनं यायचीस, बरोबर तुझ्या गावातली सहा-सात पोरं. पाणी ओसरलेलं असलं की शेवटचा पल्ला चिखलातून. मग तुम्ही सगळे पोटरीपर्यंत काळे पाय घेऊन शाळेच्या नळावर रांगेनं उभे, आणि मुख्याध्यापिका गॅलरीतून घड्याळ बघतायत. मी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. मला लेझीम आणि डंबेल्स ठेवायची खोली दिली होती. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पेन, पुढ्यात छापील कागद. केवढा रुबाब होता माझा! आता आठवलं की कानशिलं तापतात.

गुलाब त्या नळावरच्या रांगेतली. दहा वर्षांची. गावची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून तुझ्या भरवशावर बापानं तिला पाचवीला बेलापुरात घातलेलं. वर्गात बोलत नाही, विचारलं तर नुसती बघत राहते, अशी तक्रार बाकीच्या शिक्षकांनी केली. तू केली नव्हतीस, तू तेव्हा बाळंतपणाला आलेल्या नणंदेसाठी रजेवर होतीस. तेवढ्यात मुलगी माझ्यासमोर आणून बसवली.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. घरी कोण कोण असतं? हा प्रश्न चाचणीतला नसतो, मूल मोकळं व्हावं म्हणून विचारायचा. गुलाब म्हणाली, "माहीत नाय." बाबा काय करतात? माहीत नाय. तुमचं घर कुठं आहे? माहीत नाय. मग खऱ्या प्रश्नांना हात घातला. आठवड्याचे वार किती? माहीत नाय. मीठ कशापासून होतं? माहीत नाय. मिठागरावर राबणाऱ्याची पोर, आणि मीठ कशापासून होतं माहीत नाय! मी मनात म्हटलं, अरेरे. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती माझ्या पेनाकडे टक लावून बघत होती. लाकडी ठोकळ्यांची नक्षी तिनं जमवली, पण निवांत, एकेक ठोकळा उलटून पालटून बघत, वेळ संपल्यावर. वेळ संपली की शून्य. मग चित्रं आली, चित्रात काय राहून गेलंय ते सांगायचं. एक घराचं चित्र होतं, दाराला कडी नसलेलं. गुलाब ते चित्र बघून पटकन म्हणाली, "नंबर नाय." तेवढ्या वेळात तिनं आपणहून दिलेलं ते एकच उत्तर. पुस्तिकेत उत्तर होतं 'कडी'. मी शून्य दिलं आणि पुढचं चित्र काढलं.

वाशीला घरी गेले, जेवले, अहवाल लिहिला. सौम्य मतिमंद. सर्वसाधारण वर्गात प्रगतीची शक्यता कमी, विशेष शाळेत पाठवावे. विशेष शाळा होती पुलापलीकडे, मुंबईत. तिचा बाप तिला रोज तिथं कसा पोचवणार, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. मुख्याध्यापिकांनी शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या हातात ठेवला. आणि कारकुनानं दाखल्यावर, शेवटच्या 'शेरा' या रकान्यात, माझे ते दोन शब्द मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढले.

तू रजेवरून आलीस ती थेट लेझीमच्या खोलीत. तोवर आपण एकमेकींना अहो-जाहो करत होतो. त्या दिवशी तू मला एकेरीवर आणलंस ते कायमचं. "काय लिवलंस गो तू त्या पोरीवर?"

मी म्हटलं, गोपनीय अहवाल आहे, चर्चा करता येत नाही.

"गोपनीय? दाखल्यावर हाय तो! तिचा बाप गावभर दाखवत फिरतोय, काय लिवलंय ते वाचून सांगा म्हनून. मी काय सांगू त्याला?"

"दाखल्यावर लिहा असं मी कुठं सांगितलं होतं? ती कारकुनाची चूक."

"दार तू उघडं टाकलंस," तू म्हणालीस, "आनि आता मांजरीला बोल लावतेस."

मग तू डंबेल्सच्या पेटीवर बसलीस आणि सांगितलंस. मी ते नऊ वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की तुझ्या आवाजासकट पाठ आहे. गावात जमिनीची मोजणी करणारे आले तेव्हा गुलाब सहा वर्षांची होती. दारोदार तांबड्या रंगानं नंबर टाकले. मोठी माणसं तोंड उघडेनात, तेव्हा त्यांनी पोरांना गाठलं. गुलाब हुशार, बोलकी. घरी कोण कोण, बाबा काय करतो, तुमचा बांध कुठून कुठवर, काका कुठं गेलाय, सगळं तिनं धडाधडा सांगितलं. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. महिन्याभरात जमीन सोडायची नोटीस आली, काकाच्या आणि बापाच्या नावानं, आणि बापानं तिला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मारलं. त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक पोराला आयांनी शिकवून ठेवलं. हातात कागद-पेन घेऊन कुणी कायपन विचारलं, तर सांगायचं, माहीत नाय. "मलापन माज्या सासूनं तेच सांगितलंय," तू म्हणालीस. "आनि तू तिला पयलाच प्रश्न काय विचारलास? घरी कोन कोन!"

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला राग आला, कारण माझी चूक तू माझ्याच खोलीत बसून काढली होतीस. मी म्हटलं, हे सगळं ठीक आहे, पण ऐकीव गोष्टीवर आकडा बदलता येत नाही. वर्षभरानं फेरचाचणी घेऊ. आता घेतली तर निकाल धरत नाहीत.

वर्षभरानं मी खरंच विचारलं, आण तिला. तू नाही म्हणालीस. "ती परत तुज्या घड्यालासमोर बसनार नाय. तू चुकलीस तर तू लिही. पोरीनं का म्हनून दोनदा परीक्षा द्यायची?"

इथं आपलं खरं भांडण सुरू झालं आणि तुझ्या मरणापर्यंत संपलं नाही. मी म्हणायची, चाचणीशिवाय 'ती हुशार आहे' असं मी कशावरून लिहू? तू म्हणायचीस, "हुशार लिव म्हनून कोन सांगतंय? तुला ठाऊक नाय, एवडंच लिही." मी म्हणायची, तज्ज्ञ माणूस असं लिहीत नसतो. तू म्हणायचीस, "मग तज्ज्ञ मानूस करतो काय?" असं म्हणून माझ्या डब्यातली भाजी बोटानं चाखायचीस आणि नाक मुरडायचीस. "मीठ नाय. आनि दुसऱ्यांना विचारते मीठ कशापासून व्हतं!" काय हसलो होतो त्या दिवशी! मास्तरमंडळी वळून बघायला लागली.

भांडत होतो आणि एकत्र जेवत होतो. मधल्या काळात तू गुलाबला तुझ्या ओटीवर शिकवत होतीस. पाचवी, सहावी, सातवी, सगळी पुस्तकं तिच्याकडून करून घेतलीस. पण कुठलंही हायस्कूल तो शेरा बघून दाखला परत करायचं. बाहेरून दहावीला बसवायचं म्हटलं तरी फॉर्मला तोच दाखला. तुला माझ्याकडून एक कागद हवा होता, शेरा रद्द करा म्हणून. तो मिळाला की शाळा नवा दाखला देणार होती. दरवर्षी फॉर्म भरायचे दिवस यायचे, तू विचारायचीस, मी म्हणायची आधी चाचणी, आणि दिवस निघून जायचे. तीन वर्षं असं झालं. त्या पोरीची तीन वर्षं, आपल्या दोघींच्या हट्टापायी. नाही, दोघींच्या नाही. तेवढा तरी खरेपणा आज असू दे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मला घरी घेऊन गेलीस ते आठवतं? होडीतून उतरले तर धक्क्यावर गुलाब उभी, चौदा-पंधरा वर्षांची. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तुला म्हणाली, "जुबेदाबाय, आज चौथ. तीनला पुरी भरती. पावन्यांना पाचच्या आत होडीत बसवा, नायतर चिखल तुडवत जातील." तिथीवरून मनातल्या मनात भरतीची वेळ! मला तिथी कॅलेंडरात बघावी लागते. तू विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलंस. "हे हाय का तुज्या त्या ठोकल्यांच्या पेटीत?"

"गावात सगळ्यांनाच येतं हे," मी म्हटलं.

"मग सगला गाव हुशार हाय असं लिही!"

मी शिरखुर्मा खाल्ला, दोन वाट्या, आणि पाचच्या आत निघाले. कागद नाही लिहिला. का, ते आता स्वतःलाच विचारते आहे बारा दिवस. भीती होती गं. त्या लेझीमच्या खोलीत मी कितीतरी मुलं तपासली होती. एका गुलाबच्या बाबतीत 'मला माहीत नव्हतं' असं लिहिलं की मग बाकीच्यांचं काय? ती सगळी माझ्या दारात येऊन उभी राहिली असती. तुला एका पोरीचा दाखला हवा होता, आणि मला वाटत होतं तू माझी सगळी कारकीर्द मागते आहेस. हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "येऊ दे की. चहा पाजू सगल्यांना."

आता ते दुसरं. तेही लिहिल्याशिवाय सोडणार नाही.

गेल्या दिवाळीपासून तू जिन्यात थांबायला लागलीस. मधल्या पायरीवर, कठड्याला धरून. "दम लागतो गो. पाठीत कायतरी दाटतं. हात जड व्हतो." नवरा बोटीवर, सासूचं आजारपण, तिकडे बंदराच्या कामाची धूळ नि गावात पुन्हा मोजणीच्या गोष्टी. मला किती सोपं वाटलं! मी म्हटलं, "टेन्शन आहे तुला. या वयात बायकांना होतं असं." डोळे मिटून बस, सावकाश श्वास घे, दहा आकडे मोज. दवाखान्यातल्या डॉक्टरनं नुसतं तुझ्याकडे बघून तेच सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. त्याला तरी काय बोलू, त्याला तू म्हणाली होतीस, "माजी मैत्रीन मोठी डॉक्टरीन हाय, तीपन टेन्शनच म्हनते." तो निर्धास्त झाला, मी निर्धास्त झाले. तू मात्र माझ्याकडे वाकडी मान करून बघितलंस आणि हसलीस. "म्हंजे मलापन शेरा दिलास? दाखल्यावर लिहून दे मग."

मी हसले. जुबेदा, मी हसले गं!

सुट्टीतल्या एका दुपारी ओट्याशी बसून मासळी साफ करताना तू कलंडलीस. टेन्शन नव्हतं ते, हृदय होतं. कुणीतरी तुझा हात धरून आधी विचारायला हवं होतं, कधीपासून दुखतं, कुठं दुखतं, चढताना वाढतं का. साधे प्रश्न. आणि मला उत्तर आधीच माहीत होतं ना!

चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. माणसांनी ओटी भरलेली. आतलं सगळं गुलाब बघत होती. सासूच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचून गोळ्या देणं, तुझ्या नवऱ्याला बोटीवर पुन्हा पाठवायच्या तारेचा मजकूर लिहिणं, आल्यागेल्याला पाणी. एकोणीस वर्षांची, तुझ्यासारखाच पदर खोचलेला. माझ्या हातात डायरी होती, तुझ्या नवऱ्याच्या बोटीचा पत्ता उतरून घेत होते. तशीच तिच्याकडे वळले आणि विचारलं, "गुलाब, शेवटी तूच जवळ होतीस ना? काही बोलली का गं जुबेदा?"

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पेनाकडे पाहिलं. आणि म्हणाली, "माहीत नाय."

नऊ वर्षांपूर्वी ऐकला होता तोच आवाज. तेव्हा मी त्याला शून्य दिलं होतं. या वेळी तो मला कळला. तिला सगळं माहीत होतं आणि मला सांगण्याजोगी ती मला समजत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. मी डायरी पिशवीत टाकली, पत्ता अर्धाच राहिला, आणि होडीत येऊन बसले.

परवा शाळेत गेले. मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, आता एक तरुण सर आहेत, हसतमुख, घाईतले. त्यांच्या टेबलापाशी बसून कागद लिहिला. तुला ऐकवते. "या शाळेत नऊ वर्षांपूर्वी मी कु. गुलाब हिची बुद्धिमापन चाचणी घेतली. तिने बहुतेक प्रश्नांना 'माहीत नाही' असे उत्तर दिले. ती असे का म्हणते हे मी विचारले नाही. तिच्या बुद्धीविषयी मला तेव्हा काही माहीत नव्हते, आजही नाही. माझा शेरा चुकीचा होता, तो रद्द करावा आणि तिला नवा दाखला द्यावा." खाली सही.

सरांनी दोनदा वाचलं. "मॅडम, एवढं कशाला? फेरचाचणी घ्या ना, अर्ध्या तासाचं काम. नॉर्मल आहे असं लिहून द्या, प्रॉब्लेम संपला."

"तसं नाही लिहिणार."

"पण तज्ज्ञांनी 'मला माहीत नाही' असं लिहायचं? ऑडिटला कसं दिसेल?"

"खरं दिसेल," मी म्हटलं. "आणि सर, जुन्या कपाटात माझे बाकीचे अहवालही असतील. ते काढून ठेवा. पुढच्या मंगळवारपासून मी येऊन बसणार आहे, एकेक उघडायला. पगार नको." हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं खरं. आता बसावं लागणार, जुबेदा, आणि डब्यातलं मीठ चाखायला तू नसणार. मला भयंकर भीती वाटते आहे.

मोत्यासारख्या अक्षराचा तोच कारकून अजून आहे. त्यानं नवा दाखला लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. मी त्याला म्हटलं, नको, रेघही नको, कोरा ठेवा. तो कुरकुरला, नवा कागद घेतला, पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

काल दुपारी तो घेऊन गावात गेले. पिशवीत पेन ठेवलं नव्हतं, डायरी ठेवली नव्हती. मनगटावरचं घड्याळसुद्धा घरी काढून ठेवलं, वेडी म्हण हवं तर. गुलाब तुझ्या ओटीवर शेजारच्या दोन पोरींचा अभ्यास घेत होती. मी दाखला आणि माझ्या पत्राची नक्कल तिच्या हातात दिली. तिनं पोरींना घरी पाठवलं आणि वाचायला बसली. दाखला वाचला, पत्र वाचलं, पत्र पुन्हा वाचलं. सावकाश. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

"यंदाचा फॉर्म भरायची मुदत अजून हाय," ती म्हणाली. तेवढंच. आभार नाहीत, माफी नाही. मीही मागितली नाही, कारण मागितली असती तर बिचारीला दिल्यासारखं करावं लागलं असतं. मी उठले.

"बसा," ती म्हणाली. "भरतीला अजून वेल हाय." चहा आणला. मग माझ्या समोर मांडी घालून बसली, माझ्या रिकाम्या हातांकडे एकदा पाहिलं, आणि त्या दुपारी मासळी साफ करता करता तू माझ्याविषयी काय म्हणालीस, ते तिनं मला शब्दन् शब्द सांगितलं.

ते मी इथं लिहिणार नाही. उद्या कुणी कागद-पेन घेऊन आलं आणि विचारलंच, तर सांगेन, माहीत नाय.